निर्जळी दगड

‘अ‍ॅनहायड्राइट’ हा शब्द विद्यार्थी घोकतात आणि परीक्षा संपताच विसरतात. वास्तविक त्याचा अर्थ नावातच आहे. ग्रीक भाषेत ‘अन्’ म्हणजे नाही (संस्कृतातील ‘अन्’चा हा सख्खा भाऊच) आणि ‘हिडोर’ म्हणजे पाणी. जर्मन खनिजशास्त्रज्ञ व्हेर्नर यांनी १८०४ साली हे नाव दिले.

अरबीत ज्याला ‘जिब्स’ म्हणतात आणि हात मोडल्यावर इस्रायलच्या दवाखान्यात ज्याचे ‘गेवेस’ घालतात, त्या जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे एकपंचमांश पाणी असते. ते सर्व निघून गेले की उरतो तो अ‍ॅनहायड्राइट.

प्राचीन थरांत हा दगड विपुल. पण आजच्या काळात तो निसर्गात घडतो कोठे? उत्तर मिळाले अबू धाबीच्या किनाऱ्यावर. तेथील खाऱ्या सपाट भूमीला अरबीत ‘सबखा’ म्हणतात. प्रखर उन्हाने जमिनीखालचे खारे पाणी वर ओढले जाते, आटते, त्यातून जिप्सम साकळते. पुढे तेही आपले पाणी गमावते. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी १९६३ साली हा शोध प्रसिद्ध केला.

याच अमिरातीच्या भूगर्भात ‘हिथ’ नावाचा अ‍ॅनहायड्राइटचा पुरातन थर आहे. खालच्या खडकातील तेल व वायू तो वर निसटू देत नाही. ज्या तेलाच्या पैशावर आखातात कामे निघाली आणि कोकणातील कित्येक घरांतली कर्ती माणसे तिकडे गेली, त्या तेलावरचे झाकण ते हेच! मात्र या दगडाला पुन्हा पाणी लागले तर तो जिप्सम होऊन फुगतो आणि वरची जमीन उचलतो. म्हणून सबखावर पाया घालणारे अभियंते त्याला वचकून असतात.