फिकट ठिपका

अम्मीच्या छातीचा एक्स-रे मोबाइलवर आला, तेव्हा मी अंगणात होतो. भर उन्हात पाहिला आणि म्हणालो, ‘‘काही नाही अम्मी, सगळं साफ आहे.’’

संध्याकाळी डॉक्टरांनी तोच एक्स-रे मोठ्या पडद्यावर लावला. पण आधी खिडकी झाकली, दिवा मालवला. मला नवल वाटलं. उजेडात जास्त दिसायला हवं ना?

तसं नाही, मित्रहो. आपला डोळा उजेड मोजत नाही, फरक ओळखतो. एका मेणबत्तीशेजारी दुसरी लावली तर लगेच कळतं. शंभरांत एकीची भर पडली तर जेमतेम. एकोणिसाव्या शतकात वेबर आणि फेक्नर या जर्मन संशोधकांनी हा प्रमाणाचा नियम मांडला.

साध्या पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. लगतच्या दोन छटा एकमेकींना भिडलेल्या असतील तर त्यांतली सीमा कधी कधी दिसते. दूर ठेवल्या की त्या एकच भासतात. वैद्यकीय पडद्यांच्या ‘डायकॉम’ मानकात तर अतिमंद ते अतिप्रखर उजेडापर्यंत, डोळ्याला जेमतेम कळतील अशा १०२३ पायऱ्या धरल्या आहेत. पण पडद्यावर बाहेरचा उजेड पडला, की काळं फिकं होतं आणि काळसर छटांतल्या पायऱ्या बुजतात. एक्स-रेत फुप्फुसं काळसरच दिसतात.

त्या अंधारात डॉक्टरांनी बरगडीआडच्या फिकट ठिपक्यावर बोट ठेवलं. औषधं वेळेवर सुरू झाली.

धूसरतेवर मी पुष्कळ कविता लिहिल्या. ती पाहावी कशी, हे त्या दिवशी शिकलो.