जळणासाठी छोटा ट्रॅक्टर घेताना



ईस्टर झाला की आपल्या खानापूर भागात दोन कामांची घाई सुरू होते. एक काजूची, आणि दुसरी मृगाच्या आत जळण घरी आणून रचून ठेवण्याची. घरोघरी गॅस आला तरी न्हाणीचे पाणी आणि भात उकडण्याची हंडी अजून लाकडावरच तापते. पूर्वी हे जळण बैलगाडीतून आणि बायकांच्या डोक्यावरून येई. आता बैल कमी झाले आणि भारे वाहून वाहून आपल्या आया-बहिणींच्या मानेचे व कमरेचे काय होते ते आपण पाहतोच. तेव्हा छोटा ट्रॅक्टर घ्यावा असे अनेकांच्या मनात येणे साहजिक आहे.

गेल्या वर्षभरात चार-पाच जण कंपन्यांची इंग्रजी माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आले. "फादर, एवढे वाचून सांगा, कोणता घेऊ?" आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : किती एचपीचा घ्यावा?

हा प्रश्न चुकीचा नाही, पण पहिला नव्हे. उताराच्या रानातून लाकूड आणणाऱ्याने पहिला प्रश्न असा विचारावा : भरलेली ट्रॉली घेऊन खाली येताना हा ट्रॅक्टर मला थांबवता येईल का? काही वर्षांपूर्वी मी एका तरुण बापाची अंत्यविधीची मिस्सा केली. स्वतःच्याच रानात ओंडका ओढताना ट्रॅक्टर त्याच्यावर उलटला होता. ट्रॅक्टर नवा होता, ताकदवान होता आणि चालवणाराही सवयीचा होता. त्याची दोन मुले आज आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात बसतात. म्हणून हा लेख जरा विस्ताराने लिहीत आहे.

१. आधी ओझे मोजा

शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दाखला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आपणही तसाच हिशेब करू.

समजा, ट्रॉली ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि फळ्या २ फूट उंच आहेत. म्हणजे ८० घनफूट जागा झाली. रचलेल्या लाकडात फटी राहतात, म्हणून भरीव लाकूड सुमारे ४८ घनफूट धरावे. नीलगिरी किंवा अकेशियाचे ताजे, ओले लाकूड घनफुटाला साधारण ३० किलो भरते. म्हणजे लाकूडच १,४०० किलोच्या घरात गेले. ट्रॉलीचे स्वतःचे ५००-६०० किलो धरले की एकूण दोन टन होतात. फळ्यांच्या वर शीग लावली तर याहूनही जास्त.

आता हेच लाकूड पौषात तोडून, फोडून, दोन-तीन महिने रानातच उन्हात ठेवले तर त्याचे वजन तिसऱ्या हिश्श्याने कमी होऊ शकते. कारण ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. ते पाणी डिझेल जाळून घरी कशाला आणावे? शिवाय ओले लाकूड धुमसते. तो धूर चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जातो, आणि शेजारी खेळणाऱ्या लहान मुलाच्याही. वाळलेले जळण ट्रॅक्टरलाही हलके आणि घरच्यांच्या फुप्फुसांनाही बरे.

२. एचपीपेक्षा वजन आणि पकड

दोन टनांची ट्रॉली चढणीवर ओढायची आहे. दहा फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, अशी ती चढण आहे. चढामुळे सुमारे २०० किलोची ओढ लागते आणि मऊ मातीत चाके रुततात त्याची आणखी २०० किलो. एकूण ४०० किलो झाली. ताशी ४ किलोमीटरच्या सावकाश चालीने एवढी ओढ देण्यास सुमारे ६ एचपी पुरतात. ट्रॅक्टरला स्वतःला चढायला आणखी दोन. म्हणजे आठ. बाजारातले लहान ट्रॅक्टरसुद्धा बहुधा १५ एचपीच्या आसपास असतात.

मग चढणीवर ट्रॅक्टर अडतो का? कारण इंजिन कमी पडत नाही, चाकाची पकड कमी पडते. भुसभुशीत मातीत चाकावर जेवढे वजन असते त्याच्या ४० ते ५० टक्केच ओढ मिळते. ८०० किलोचा ट्रॅक्टर असेल आणि फक्त मागची चाके फिरत असतील, तर मागच्या चाकांवर साधारण ५०० किलो येतात आणि ओढ मिळते २००-२५० किलो. इंजिन गुरगुरते आणि चाक जागच्या जागी माती उकरते. चारही चाके फिरणारा, म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टर असेल तर सगळे ८०० किलो कामी येतात. दोनचाकी ट्रॉलीचा थोडा भार ड्रॉबारवर पडतो, त्याचीही मदत होते. तरीसुद्धा अशा चढणीवर एवढ्या ट्रॅक्टरने अर्धीच ट्रॉली न्यावी, दोन खेपा कराव्यात.

म्हणून माहितीपत्रकात एचपीच्या आकड्यावर बोट ठेवण्याआधी वजनाचा आकडा शोधा. जुना ट्रॅक्टर घेत असाल तर रिकामे वजन आर.सी. बुकात लिहिलेले असते. मागच्या टायरमध्ये पाणी भरून किंवा चाकांना लोखंडी वजने लावून पकड वाढवता येते. त्याची सोय त्या मॉडेलला आहे का ते विचारा.

३. खरी परीक्षा उतारावर

आपली रानी जमीन बहुधा घराच्या वरच्या अंगाला असते. म्हणजे रिकामी ट्रॉली वर जाते आणि भरलेली खाली येते. त्याच उतारावर दोन टनांची ट्रॉली २०० किलोच्या जोराने ट्रॅक्टरला मागून ढकलते. आपल्या गावातल्या बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. म्हणजे ८०० किलोच्या ट्रॅक्टरने स्वतःला आणि त्याच्या अडीचपट ओझ्याला आवरायचे. सुटी खडी, वाळलेला पाला किंवा वळवाच्या सरीने निसरडी झालेली तांबडी माती असेल तर चाके थांबतात पण ट्रॅक्टर घसरतच राहतो. मग ट्रॉली त्याला आडवा करून उलटवते.

यासाठी पुढील नियम घरात सर्वांना सांगून ठेवा :

(अ) ब्रेक नसलेली ट्रॉली उतारावर आणायची असेल तर ट्रॉली आणि लाकूड मिळून वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त नसावे. जास्त आणायचे असेल तर ब्रेकची ट्रॉली करून घ्यावी.

(आ) ज्या गियरमध्ये ती चढण चढता आली असती त्याच गियरमध्ये उतरावे. गियर उतार लागण्यापूर्वी टाकावा. मध्येच क्लच दाबू नये आणि डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल तर कधीच करू नये. इंजिन हाच उतारावरचा मोठा ब्रेक आहे.

(इ) फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर तो उतारावरही चालू ठेवावा. पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात. फोर-व्हील लावल्यावर पुढची चाकेही आवरायला मदत करतात.

(ई) नांगरताना वळण घेण्यासाठी डावा आणि उजवा ब्रेक वेगळा वापरतात. शेतातून बाहेर पडताना दोन्ही पायडल जोडणारी कडी लावलीच पाहिजे. ती विसरली आणि घाईत एकाच पायडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर गर्रकन एका अंगाला फिरतो.

(उ) उताराला आडवे जाऊ नये. सरळ वर किंवा सरळ खाली जावे. तशी वाट नसेल तर लाकूड वाटेपर्यंत हाताने आणावे.

४. ओंडका साखळीने ओढताना

वर ज्या अपघाताचा उल्लेख केला त्याचे कारण समजून घ्या. त्या दिवशी साखळी ड्रॉबारला न बांधता सीटच्या मागे, वर, जिथे अवजाराची वरची लिंक जोडतात तिथे बांधली होती. ओंडका एका खुंटाला अडला. मागची चाके जमिनीला चिकटून राहिली, इंजिनचा जोर मात्र चालूच होता. चाक फिरू शकले नाही तेव्हा त्या जोराने ट्रॅक्टरचे धडच मागच्या धुरीभोवती फिरले. पुढची चाके उचलली गेली आणि ट्रॅक्टर मागे उलटला. हे सारे एक-दोन सेकंदांत होते. क्लचवर पाय नेण्याइतकाही वेळ मिळत नाही.

साखळी धुरीच्या खाली, ड्रॉबारलाच बांधली तर ओंडका अडल्यावर ओढ ट्रॅक्टरचे नाक खालीच धरून ठेवते. म्हणून नियम एकच : ओढायचे ते ड्रॉबारला. वरच्या लिंकला नाही, धुरीला नाही, सीटखालच्या कोणत्याही खिळीला नाही. ओंडका लहान करून, हळू क्लच सोडून ओढावा. साखळी ताणलेली असताना आसपास कोणी उभे राहू नये. साखळी तुटली तर ती चाबकासारखी येते.

५. विकत घेताना काय पाहावे

१५ एचपीच्या गटात महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे लोकांच्या ओळखीचे आहेत. २४ ते २८ एचपीच्या गटात महिंद्रा जिवो २४५, कुबोटा निओस्टार बी २४४१, जॉन डिअर ३०२८ ईएन असे फोर-व्हील-ड्राइव्हचे ट्रॅक्टर मिळतात. कोणाचीही शिफारस मी करीत नाही. सपाट जमीन आणि थोडे जळण असेल तर पहिला गट पुरतो. चढउताराच्या रानासाठी दुसऱ्या गटातला, फोर-व्हीलचा बघावा. हलका ट्रॅक्टर भाताच्या खाचरात कमी रुततो, हाही त्याचा गुण आहेच. जवळ दुरुस्ती कोठे होते आणि सुटे भाग बेळगावात मिळतात का, हे कंपनीच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे.

चालकाच्या मागे उभी लोखंडी कमान असलेला ट्रॅक्टर मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तोच घ्या. ट्रॅक्टर उलटला तरी ती कमान माणसासाठी जागा राखते. पण त्यासाठी सीटचा पट्टा बांधलेला हवा, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन कमानीखालीच सापडतो. कमान नसेल तर मात्र पट्टा बांधू नये. काजूच्या फांद्या लागतात म्हणून कमान दुमडली, तर रानाबाहेर येताच पुन्हा उभी करावी. लहान ट्रॅक्टर द्राक्षबागेसाठी अरुंद केलेले असतात. बागेत तो गुण, उतारावर तो दोष. पुष्कळ मॉडेलांत मागची चाके बाहेर घेऊन रुंदी वाढवता येते, ते करून घ्या.

मडगार्डवर कोणालाही बसवू नका, मुलांना तर नाहीच. ती जागा माणसाची नव्हे, आणि अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळतानाही अडचण येते.

६. घ्यावाच का?

एका घराचे वर्षाचे जळण आठ-दहा खेपांत येते. तेवढ्यासाठी कर्ज काढू नका. भातशेती, ऊस, फवारणी असे वर्षभराचे काम असेल तरच ट्रॅक्टरचा हप्ता सुटतो. नाहीतर होबळीच्या कृषी यंत्रधारे केंद्रातून भाड्याने आणावा, किंवा तीन-चार घरांनी मिळून एक घ्यावा. भागीत घेणाऱ्यांनी डिझेल, दुरुस्ती आणि चालक यांचे आधी लिहून ठेवावे. भावाभावांतले तंटे मिटवायला मी येतोच, पण तंटा न झालेला बरा. अनुदानाची चौकशी रयत संपर्क केंद्रात करावी.

आणि लाकूड आपल्या मालकीच्याच जमिनीतले असावे. कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, गोव्यात १९८४ चा. नीलगिरी, सुरू अशा काही झाडांना आपल्याकडे सूट आहे, इतर पुष्कळ झाडांना परवानगी लागते. तोडण्यापूर्वी आणि रस्त्यावरून नेण्यापूर्वी वन खात्याच्या कार्यालयात विचारावे. राखीव जंगलात आणि २०११ साली जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात ट्रॅक्टर नेण्याचा विचारही करू नये.

१५ मे हा शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण. त्या दिवशी मिस्सा झाल्यावर ट्रॅक्टरांना आशीर्वाद देण्यासाठी सर्वांनी ते चर्चच्या आवारात आणावेत. पवित्र पाणी मी शिंपडीन, पण त्याआधी प्रत्येकाची ब्रेकची कडी, ड्रॉबारची खिळ आणि साखळी आपण मिळून पाहू. ज्यांना माहितीपत्रके वाचून घ्यायची आहेत त्यांनीही ती त्याच दिवशी सोबत आणावीत.

तुमचा,
फादर