थैलीची मर्यादा

निवडणुकीस द्रव्य लागते, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. मंडप, छापखाना, मोटारी, कार्यकर्त्यांचे चहापाणी यांपैकी काहीच फुकट होत नाही. परंतु ‘खर्च वाढला, सबब कंपन्यांच्या देणग्यांची मर्यादाही वाढवा,’ हा जो युक्तिवाद अधूनमधून कानी येतो, तो आम्हांस सर्वथैव अमान्य आहे.

१९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांस देणगी देण्याचा अधिकार आपल्या मेमोरँडममध्ये घालून घेण्याचा अर्ज केला, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती छगला यांच्या मुंबई हायकोर्टाने कायद्यास अनुसरून तो मान्य केला खरा. पण हा धोका वाढत जाऊन एके दिवशी लोकशाहीचाच गळा दाबील, अशा आशयाचा इशाराही दिला. पुढे १९६९ साली अशा देणग्यांवर बंदी आली, १९८५ साली ती उठली, आणि २०१३ च्या कायद्याने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के ही हद्द ठरली. २०१७ साली तीही काढून टाकली. इतकेच नव्हे, तर पैसा कोणत्या पक्षास दिला हे सांगण्याचे बंधनही गेले. तोट्यातील कंपनीसही दानशूर होण्याची मुभा मिळाली! १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने हा सारा प्रकार घटनाबाह्य ठरविला.

आता साडेसात टक्के थोडे आहेत काय, ते पाहू. सरासरी शंभर कोटी नफ्याच्या कंपनीस साडेसात कोटी देता येतात. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवारास २०२२ पासून चाळीस लाखांची खर्चमर्यादा आहे. म्हणजे एकाच कंपनीच्या एका वर्षाच्या देणगीत अठरा उमेदवारांचा संपूर्ण कायदेशीर खर्च भागून वर तीस लाख उरतात. पक्षाच्या खर्चास तर कायद्याने मर्यादाच नाही. आमचे व्यापारी वाचक नावे-जमा जाणतात. ज्या रकमेपासून काहीच प्राप्ती नाही, ती कोणता शहाणा व्यापारी वर्षानुवर्षे मोजीत बसतो? थैली देणाऱ्याची चिठ्ठी आणि पेठेतील दुकानदाराचा अर्ज एकाच आमदारापुढे आले, तर आधी कोणता वाचला जाईल?

मर्यादा कमी ठेवल्यास पैसा चोरवाटेने जाईल, असे कोणी म्हणतात. चोर मागल्या दाराने येतो म्हणून पुढचे दार सताड उघडे टाकून कोणी झोपत नाही. आणि मर्यादा नव्हती त्या वर्षांत निवडणुकीतील काळा पैसा नाहीसा झाला, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

शिवाय हा पैसा संचालकांच्या खिशातला नव्हे, तो भागधारकांचा. देणगीचा ठराव मात्र संचालक मंडळ करते. ज्या विधवेने आपली पुंजी दहा-वीस शेअरांत गुंतविली, तिचे मत एका पक्षास आणि तिच्या नफ्याचा अंश दुसऱ्यास, हा कोणता न्याय? म्हणून मर्यादा वाढविणे दूरच. भागधारकांच्या संमतीवाचून देणगीच देता येऊ नये आणि पक्षांच्या खर्चासही हद्द असावी, अशी आमची मागणी आहे. तूर्त ज्यांच्यापाशी शेअर आहेत त्यांनी कंपनीचा ताळेबंद येताच देणगीचे कलम काढून पाहावे, आणि वार्षिक सभेत उभे राहून त्याचा जाब विचारावा.