लाल दांड्यांची पक्कड

शब्द पारखणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. कोणता शब्द अस्सल, कोणता उसना, हे वर्गात मी तास तास सांगत असतो. पण लोखंड पारखायची वेळ आली आणि मी साफ नापास झालो!

गेल्या दिवाळीत फूटपाथवरून एक पक्कड घेतली. तोंड आरशासारखे, दांडे लालभडक. संध्याकाळी आकाशकंदिलाची वायर जोडायला स्टुलावर चढलो. बटण बंद केले होते; पण आमच्या वायरमनने ते फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले. म्हणजे बटण बंद, पण तारेत वीज जागीच! डावा हात खिडकीच्या गजावर होता. पक्कड दाबली मात्र, दांड्यावरचे लाल आवरण मोज्यासारखे निघून आले, बोटे उघड्या लोखंडाला लागली आणि मी खाली. हिने किंकाळी फोडली. नशीब, स्टूल उलटले आणि हात सुटला.

शेजारचे नाना रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षे फिटर होते. त्यांनी ते आवरण चिमटीत धरून पाहिले. "मास्तर, पक्कड आणलीत की खेळणं?"

दुसऱ्या दिवशी ते मला पुण्याच्या बोहरी आळीत घेऊन गेले. दुकानदाराने मांडलेल्या पकडींच्या चकाकीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. एकेक मिटून उजेडासमोर धरली. कापायच्या धारांमधून उजेड दिसला की बाजूला. मग उघडून आडवी हलवली. सांधा डुगडुगला की तीही बाजूला. शेवटी दुकानदाराच्याच वहीचा कागद मागून घेतला. एकीने तो फाडला, दुसरीने कापला. मी थक्क! त्यांनी दुसरी घेतली. तिच्या दांड्यावर एकात एक अडकलेले दोन त्रिकोण आणि १००० व्होल्ट असा आकडा होता. "ही खूण नसेल तर वरचं रबर नुसतं हाताला मऊ लागायला. आणि खूण असली तरी आधी मेन स्विच बंद करायचा, समजलं?"

हातोडीही घेतली. तिच्या दांड्याच्या लाकडातल्या रेषा शेवटपर्यंत सरळ जातात का, हे नाना चष्मा वर करून पाहत होते. तिरपी रेषा मध्येच कडेला सुटली, की दांडा नेमका तिथेच मोडतो आणि डोके कुणाच्या तरी डोक्यात जाते.

आय.एस.आय.ची खूण दिसली की मी आजवर डोळे मिटून पैसे देत आलो. आता इस्त्री घेतानाही खुणेवरचा मानकाचा क्रमांक आणि खालचा परवाना क्रमांक वाचतो. हा परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला, की कारखाना कोणता आणि परवाना चालू आहे की नाही, ते कळते. दुकानदार तोंड वाकडे करतो, करू दे.

ती लाल पक्कड घरीच आहे. हिने तिला अक्रोड फोडायला लावले आहे.