तुर्कस्तानचे किलीम

श्रोतेहो, गालिचा हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें दाट, मऊ लव असलेलें, पाऊल रुतावें असें आस्तरण उभें राहतें. आज ज्या विणकामाविषयीं मी बोलणार आहें, त्याला ही लव मुळींच नसते. तुर्कस्तानांत त्याला किलीम म्हणतात. आपल्या घरांतील सतरंजी आठवा, म्हणजे किलिमाची जात लगेच ध्यानांत येईल. सतरंजी सुताची, तर किलीम प्रामुख्यानें लोंकरीचा; परंतु दोहोंची वीण एकाच कुळांतली. दोहोंतहि आडवा धागा इतका घट्ट ठोकलेला असतो कीं उभा ताणा त्याच्याखालीं पार झांकून जातो. सतरंजी विणणारे आपले कारागीर ज्या दांतेरी पंजानें धागा ठोकतात, त्याच कामाचें हत्यार तिकडील बायका 'किरकित' या नांवानें वापरतात. बायका असें मीं म्हटलें तें जाणूनबुजून. खेड्यांत आणि भटक्या टोळ्यांत किलीम विणणें हें पिढ्यान्‌ पिढ्या स्त्रियांचेंच काम होतें. कागदावरचा नकाशा नाहीं, शाळा नाहीं. आईच्या शेजारीं बसून मुलीनें पाहावें आणि पाहतां पाहतां हात बसवावा, हीच त्यांची विद्या.

रेडिओवर चित्र दाखवितां येत नाहीं. तेव्हां आपण कल्पनेनेंच त्या मागापुढें जाऊन बसूं. मागावर उभे धागे ताणून बांधले आहेत. लवेच्या गालिचांत ताण्याच्या धाग्यांवर एकेक गांठ मारावी लागते. येथें गांठ नाहीं. विणकरणीनें तांबडा धागा एकाआड एक ताण्यांतून नेला आणि तांबडा रंग जेथें संपावयाचा, तेथूनच तो मागें फिरविला. पलीकडून निळा धागा त्याच सीमेपर्यंत आला व तोहि मागें फिरला. दोन्ही रंग शेजारीं आले, पण एकमेकांत गुंतले नाहींत. म्हणून त्यांच्यामध्यें एक बारीकशी फट राहिली. तुर्की भाषेंत या फटीला 'इलिक' म्हणतात. गुंडीच्या काजालाहि त्या भाषेंत हाच शब्द आहे.

ही फट क्षुल्लक वाटेल. पण किलिमाचें सारें रूप तिनेंच घडविलें आहे. दोन रंगांची सीमा सरळ उभी नेली, तर फट वाढत जाऊन वस्त्र त्या जागीं फाटेल. म्हणून विणकरीण दर कांहीं ओळींनंतर सीमा एक-दोन ताणे इकडे किंवा तिकडे सरकविते. त्यायोगें सीमेला पायऱ्या पडतात. पायऱ्यांतून तिरपी रेघ, तिरप्या रेघांतून त्रिकोण, चौकट व आंकडे निर्माण होतात. किलिमावर आपण जी भूमिति पाहतों, ती प्रथम वस्त्र टिकावें म्हणून आली आणि मग शोभा झाली. अर्थात्‌ फटीशिवायच्या रीतीहि आहेत. 'जिजिम' या प्रकारांत साध्या विणीवर जादा रंगीत धागे विणतां विणतांच घालतात व तें काम भरतकामासारखें दिसतें. 'सुमाक' या प्रकारांत धागा ताण्याला वेढे घेत पुढें जातो.

आतां प्रांताप्रांतांतील भेद पाहूं. अनातोलिया म्हणजे आपल्या जुन्या भूगोलांतील आशिया मायनर. त्याच्या मध्यभागीं कोन्याचें विस्तीर्ण पठार आहे. तेथील जुने किलीम मोठ्या, ठळक आकृतींचे असून पुष्कळदां दोन पट्टे निरनिराळे विणून मध्यें जोडलेले असतात. कारण अरुंद माग भटक्या कुटुंबाला वाहून नेण्यास सोईचा. दोन्ही पट्ट्यांची नक्षी शिवणीपाशीं तंतोतंत जुळतेच असें नाहीं. पश्चिमेस उशाक प्रांतांतील एशमे हें गांव किलिमांसाठींच प्रसिद्ध आहे. आग्नेयेच्या डोंगराळ भागांत, वान आणि हक्कारीकडे, कुर्द टोळ्यांचे किलीम गडद तांबड्या-निळ्या रंगांचे. आणि मार्मारा समुद्राच्या कांठच्या शारकोयचें नांव ज्या किलिमांना मिळालें, त्यांत झाडें, फुलें व पक्षी आढळतात. तेथें आडवा धागा वांकवून ठोकतात, म्हणून पायरीऐवजीं गोलाई साधते.

हे किलीम केवळ जमिनीवर अंथरण्यासाठीं नव्हते. युरुक नांवाच्या भटक्या मेंढपाळांच्या तंबूंत तेच पडदे होत, त्याच विणीच्या गोणींत धान्य व कपडे राहत, आणि जनावराच्या पाठीवर टाकावयाची पडशीहि तशीच विणली जाई. माणसाच्या अखेरच्या प्रवासांतहि किलीम सोबत करी: प्रेतावर किलीम घालून तें दफनभूमीकडे न्यावें आणि मग तोच किलीम मशिदीला अर्पण करावा, अशी चाल होती. त्यामुळें मशिदी या जुन्या किलिमांचीं कोठारेंच बनल्या. दिवरीच्या तेराव्या शतकांतील मोठ्या मशिदींत सांपडलेले जुने किलीम पुढें इस्तंबूलच्या वक्फ खात्याच्या संग्रहांत आले.

रंगांची कथा याहून करुण आहे. तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या एका वेलीच्या मुळांतून काढीत. तीं मुळें पक्व होण्यास सुमारें 3 वर्षें लागतात. निळा रंग निळीचा, पिवळा रानांतील झुडुपांचा, तपकिरी अक्रोडाच्या हिरव्या सालीचा. लोंकरीनें रंग धरावा म्हणून ती आधीं तुरटीच्या पाण्यांत उकळीत. काळ्या रंगासाठीं लोहाचा अंश वापरीत, आणि तो लोंकर खाई. म्हणून जुन्या किलिमांत काळा भाग सर्वांत आधीं झिजलेला दिसतो. 1856 सालीं इंग्लंडांत विल्यम पर्किन यानें पहिला कृत्रिम जांभळा रंग बनविला. 1868 सालीं जर्मनींत मंजिष्ठेंतील रंगद्रव्यच प्रयोगशाळेंत तयार झालें. 3 वर्षें मुळांची वाट कोण पाहणार? स्वस्त पुड्या बाजारांत आल्या आणि थोड्याच दशकांत अनातोलियाच्या खेड्यांत पोंचल्या. त्यांतले कित्येक रंग उन्हांत उडत, पाण्यांत पसरत. पण तें कळेपर्यंत जुनी कृति सांगणाऱ्या म्हाताऱ्या निघून गेल्या होत्या.

त्याच सुमारास जीवनक्रमहि बदलत होता. 1865 सालीं उस्मानी सरकारनें चुकुरोवाच्या मैदानांत लष्कर पाठवून भटक्या टोळ्यांना सक्तीनें वसविलें. तंबू गेला, तेव्हां तंबूचा पडदा आणि गोणहि गेली. पूर्वीं मुलगी स्वतःच्या रुखवतासाठीं विणी. पुढें ती व्यापाऱ्याच्या मागणीबरहुकूम विणूं लागली.

व्यापाऱ्याबरोबर अर्थहि आले. कमरेवर हात ठेवलेल्या स्त्रीसारख्या एका आकृतीला 'एलिबेलिंदे' म्हणतात. ती मातृत्वाची खूण, मेंढ्याचें शिंग पराक्रमाची, डोळा दृष्ट टाळण्यासाठीं, असा कोशच गिऱ्हाइकापुढें उघडला जातो. त्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणत नाहीं. दृष्टीचें भय तिकडेहि खरेंच आहे. परंतु एकाच आकृतीला या गांवीं एक व त्या गांवीं दुसरें नांव असतें, हें विसरूं नये. या बाबतींत एक धडा मोठा बोलका आहे. जेम्स मेलार्ट या पुराणवस्तुशास्त्रज्ञानें 1961 ते 1965 या काळांत कोन्याजवळ चाताल्होयुक येथें सुमारें 9,000 वर्षांपूर्वींची वसाहत खणून काढली. पुढें 1989 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथांत, तेथील भिंतींवर किलिमासारखीं चित्रें होतीं व त्यांत देवीची आकृति होती, असें त्यानें रेखाटनें देऊन प्रतिपादन केलें. त्या चित्रांचीं छायाचित्रें मात्र त्याला दाखवितां आलीं नाहींत. 2012 सालीं तो वारल्यानंतर त्याच्या घरांतील कागद एबरहार्ड झांगर यांनीं तपासले, आणि त्यांपैकीं कांहीं चित्रें त्यानें स्वतःच रचलीं होतीं असें 2018 सालीं जाहीर केलें. एका सुंदर कल्पनेच्या मोहांत आपण त्या विणकरणीचें कसब बाजूस सारून तिच्या हातीं न दिसणारी देवी दिली होती!

तरी सर्वच निराशेचें नाहीं. जर्मन रसायनज्ञ हाराल्ड ब्योमर यांनीं जुन्या विणकामांतील रंगांचें पृथक्करण केलें, आणि त्या आधारें 1981 सालीं इस्तंबूलच्या मार्मारा विद्यापीठाच्या साहाय्यानें 'दोबाग' ही योजना सुरू झाली. आयवाजिक व युंतदाग येथील खेड्यांतील स्त्रिया पुन्हा मुळें-पानें उकळूं लागल्या. तेथें मुख्यतः लवेचे गालिचे विणले गेले. पण परत मिळालेली ती विद्या किलिमालाहि उपयोगी पडली. हरवलेली कला पुन्हा हातीं येऊं शकते, मात्र तिच्यासाठीं प्रयोगशाळा आणि खेडें यांनीं एकमेकांजवळ बसावें लागतें.

श्रोतेहो, कधीं एखादा किलीम आपल्यासमोर आला, तर त्याचा अर्थ विचारण्यापूर्वीं तो उलटून पाहा. फटीच्या विणीचा किलीम दोन्ही बाजूंनीं सारखाच असतो. मग तो उजेडासमोर धरा. जेथें जेथें रंग बदलला असेल तेथें तेथें प्रकाशाचे बारीक ठिपके चमकतील. त्या प्रत्येक ठिकाणीं एका बाईनें हात थांबवून धागा मागें फिरविलेला आहे. तिचें नांव किलिमावर कोठें सांपडत नाहीं. तिनें कोठें कोठें विचार केला, तें मात्र तेथें स्पष्ट दिसतें.