खारं पाणी उकळून गोड होत नाही

दर्यापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात हापशीखालचा ओटा निरखून बघा. पाणी सुकतं तिथं पांढरा थर धरलेला दिसतो. पातेल्याच्या बुडाशीही तोच थर, आणि या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा खारपाणपट्टा साधारण ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. इथल्या पाण्याबद्दल काही समज इतके घट्ट बसलेत की पैसाही चुकीच्या जागी जातो.

पहिला समज उकळण्याचा. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. दोन लिटरचं दीड लिटर झालं, तर तेवढेच क्षार कमी पाण्यात उरतात, म्हणजे पाणी आणखी खारं होतं. तुरटीनं गढूळपणा बसतो आणि ब्लीचिंगनं जंतू जातात. विरघळलेल्या क्षाराला दोन्ही हात लावत नाहीत. पाण्यातल्या नायट्रेटचं तर आणखी अवघड. त्याला ना रंग ना चव. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको. त्याहून जास्त असलेलं पाणी उकळून तान्ह्याच्या दुधाच्या पावडरीत घातलं, तर आईची सारी काळजी उलटी पडते. नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा धोका सगळ्यात जास्त.

दुसरा समज: ‘गावाला हिरवं कार्ड आहे, पाणी चांगलंच असणार.’ हे कार्ड मुख्यतः पाण्याच्या उद्भवाभोवतीची स्वच्छता, गळती आणि ब्लीचिंगची व्यवस्था पाहून मिळतं. क्षार किती, हे प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीशिवाय कळत नाही. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा उद्भवच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं मानक सांगतं.

बोअर आणखी खोल नेलं की गोडं पाणी लागेल, या आशेवर अनेक कुटुंबांनी कर्ज काढलंय. पण पूर्णेच्या गाळाचा थर शेकडो मीटर जाड आहे आणि खोलीबरोबर गोडेपणाची हमी येत नाही. एके काळी याच भागातल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खाऱ्या पाण्याशी जोडल्या जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराचंही सांगायला हवं. खारं पाणी हेच एकमेव कारण, असं ठामपणे म्हणता येत नाही. रक्तदाब, मधुमेह, उन्हात राबून पाणी कमी पिणं आणि वेदनाशामक गोळ्या यांचाही वाटा असतो. पण तेवढ्यानं खारं पाणी निर्धोक ठरत नाही.

मग आरओ? तो क्षार खरंच काढतो. पण काढलेले क्षार उरलेल्या पाण्यात एकवटतात, ते नालीत सोडलं की पुन्हा जमिनीतच मुरतं. गाळणीचा पडदा बदलायला आणि विजेला दरवर्षी पैसा लागतो. तो नसला की यंत्र बंद पडतं.

म्हणून या पट्ट्यात खरा उपाय उद्भव बदलण्याचाच ठरला. वान धरणावरून ८४ खेडी योजना, काटेपूर्णेवरून खांबोऱ्याची ६४ खेडी योजना, शहानूरवरून दर्यापूर-अंजनगावकडची १५६ गावांची योजना. अमरावती शहर अप्पर वर्धा धरणाचं पाणी पितं, अकोला काटेपूर्णेचं.

आणि सगळ्यात महाग पडणारा समज हा: योजना झाली, टाकी बांधली, आता खर्च संपला. जलजीवन मिशनमध्ये केंद्र आणि राज्य निम्मे निम्मे पैसे घालतात, पण ते मुख्यतः बांधकामाचे. पंपाचं वीजबिल, फुटलेली वाहिनी, व्हॉल्व्हवरच्या माणसाचा पगार, क्लोरीन हे दर महिन्याचे. पाणीपट्टी थकली की वीजबिल थकतं, बिल थकलं की पंप थांबतो, आणि बाई घागर घेऊन पुन्हा त्याच पांढऱ्या थराच्या हापशीवर जाते. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. तो कुठं गेला, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पुढच्या ग्रामसभेत तीनच गोष्टी मागा: पाण्याच्या रासायनिक तपासणीचा अहवाल, योजनेचं वीजबिल आणि पाणीपट्टीच्या वसुलीचा हिशोब. आणि आपली पाणीपट्टी थकली असेल, तर ती भरूनच सभेला जा.