मालकांगोणीचा अर्क, पांढरे उंदीर आणि दोन आकडे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मालकांगोणीचा वेल सापडतो. आयुर्वेदातली ज्योतिष्मती ती हीच. तिच्या बियांचं तेल बुद्धीसाठी चांगलं मानतात. त्यामुळे आपल्याकडे फार्मसीत पीएच.डी. करायची ठरली, की "मालकांगोणीच्या अर्काची मिरगीवर चाचणी" हा विषय कुणाच्या ना कुणाच्या डोक्यात येतोच. विषय वाईट नाही. पण ही चाचणी नक्की मोजते काय, हे आधी समजून घ्या.

पहिली पद्धत विजेची. बोस्टनमध्ये मेरिट आणि पुटनम यांनी मांजरांना विजेचे झटके देऊन औषधं तपासली आणि १९३८ मध्ये फेनिटॉइन पुढे आलं. आता हे काम पांढऱ्या छोट्या उंदरांवर होतं. डोळ्यात भूल देणारा थेंब टाकून बुबुळांवर इलेक्ट्रोड टेकवायचे आणि ५० मिलिअँपिअर प्रवाह ०.२ सेकंद द्यायचा. औषध न दिलेल्या उंदराचे मागचे पाय ताठ होऊन मागे ताणले जातात. औषध दिल्यावर ते ताणले गेले नाहीत, तर उंदीर वाचला असं धरतात. दुसरी पद्धत रसायनाची: पेंटिलिनटेट्राझोल, म्हणजे पीटीझेड, किलोला ८५ मिलिग्रॅम त्वचेखाली टोचायचं आणि ३० मिनिटं उंदरावरून नजर हलवायची नाही.

गंमत अशी, की फेनिटॉइन पहिल्या चाचणीत पास आणि दुसरीत नापास होतं. इथोसक्सिमाइडचं बरोबर उलटं. म्हणून एकाच चाचणीवर "अर्क मिरगीवर गुणकारी" असा निष्कर्ष काढता येत नाही.

आता खरी मेख. गुंगी आणणारं बरंच काही झटके कमी करून दाखवतं. म्हणून त्याच उंदराला फिरत्या दांडीवर, रोटारॉडवर, ठेवतात. दांडी मिनिटाला ६ फेरे घेते. धडधाकट उंदीर आरामात चालत राहतो. एका मिनिटात तीनदा पडला, तर औषधाने त्याचा तोल गेला असं समजायचं. निम्म्या उंदरांना झटक्यापासून वाचवणारा डोस म्हणजे ईडी-५०, निम्म्यांचा तोल घालवणारा टीडी-५०. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की संरक्षण निर्देशांक मिळतो. उंदरांत, विजेच्या चाचणीत, फेनिटॉइनचे हे आकडे साधारण ९.५ आणि ६५, म्हणजे निर्देशांक सातच्या जवळ. समजा तुमच्या अर्काचे आले ३०० आणि ३३०. मग तुम्ही झटका थांबवला की उंदराला फक्त झोपवलं, हे सांगता येणार नाही.

हा हिशेब कागदी नाही. रोवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला गोळीने चक्कर आली, तर ती गोळी सोडेल. आणि गोळी अचानक बंद केली की झटके परत येतात, कधी आधीपेक्षा जोरात.

तरी निर्देशांकालाच देव मानू नका. व्हॅल्प्रोएटचा याच चाचणीतला निर्देशांक दोनच्याही आत आहे आणि तरी ते जगभर वापरलं जातं. लेव्हेटिरासिटॅम तर या दोन्ही चाचण्यांत नापास झालं होतं! परिणाम दिसला तो किंडलिंग केलेल्या प्राण्यांत, म्हणजे रोज थोडा थोडा प्रवाह देऊन ज्यांच्या मेंदूला हळूहळू झटक्यांची सवय लावलेली असते. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. जुन्या दोनच चाचण्यांवर विसंबून राहिले असते, तर ते कचऱ्यात गेलं असतं.

तुमच्या आराखड्यात निदान एवढं हवंच: अर्क ज्यात विरघळवला ते नुसतं द्रावण दिलेला गट, माहीत असलेलं औषध दिलेला गट, आणि कुठल्या उंदराला काय दिलंय हे ठाऊक नसलेला निरीक्षक. शेवटची गोष्ट लोक सर्रास टाळतात. पाय "ताणले की नाही" हे ठरवताना डोळा आपल्याला हवं तेच बघतो.

आणि संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही उंदराला हात लावायचा नाही. अर्जात "प्रत्येक गटात सहा उंदीर" असं लिहिलंत, तर समिती विचारणार, सहाच का? आधीच्या प्रयोगांतले आकडे घेऊन केलेलं गणित दाखवा. "गाईडने सांगितलं" हे उत्तर तिथे चालत नाही.